गंजलेले यंत्र आणि आमचे हात

प्रत्येक शाळेत एक खोली अशी असते की, तिची किल्ली नेमकी कोणाकडे आहे हे कोणालाच सांगता येत नाही. मोडकी बाके, पाय निखळलेली टेबले, रंग उडालेले नकाशे, स्नेहसंमेलनातील लाकडी तलवारी आणि पुठ्ठ्याचे जिरेटोप तेथे वर्षानुवर्षे एकमेकांच्या अंगावर रेलून पडलेले असतात. आमच्या शाळेतील ही खोली गेल्या उन्हाळ्याच्या सुटीपूर्वी रिकामी करावयाचे ठरले आणि जडसंग्रहाच्या नोंदवहीवरून वस्तू ताडून पाहण्याचे काम आमच्याकडे आले. भाषेच्या शिक्षकाचे अक्षर बरे असते, या समजुतीपायी असली कामे नेहमी त्याच्याच वाट्यास येतात. नोंदवहीच्या एका पिवळ्या पानावर ओळ होती : 'गवत कापण्याचे लोखंडी यंत्र, नादुरुस्त, नग १.' ते कोणी दिले, केव्हा दिले, याचा उल्लेख नव्हता. कॅम्पातील एखाद्या जुन्या बंगल्यातून ते आले असावे, असा जाणत्यांचा तर्क. शोधता शोधता ते नकाशांच्या गुंडाळ्यांखाली सापडले. दोन ओतीव चाके, त्यांच्यामध्ये पिळदार पात्यांचा पिंजरा, मागे एक लाकडी रूळ आणि मूठ नसलेला दांडा. गंजाचे पुट असे चढले होते की, पाते कोणते आणि चौकट कोणती हे हात लावल्याशिवाय कळेना.

भंगारवाल्याने यंत्राकडे धड न पाहताच ते काट्यावर ठेवण्यास सांगितले. ते उचलू लागलेल्या नववीतील एका विद्यार्थ्याने चौकटीवर नखाने टिचकी मारली आणि तो सहज बोलून गेला, "सर, हे बिडाचं आहे. हे शेवटी आमच्या बाबांच्या भट्टीतच येणार."

मागे उभी असलेली मुले हसली. तो मुलगा ओशाळला व पुढे एक शब्द बोलला नाही. आम्हास मात्र त्याचा प्रवेशअर्ज आठवला. त्यावर 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात 'खाजगी नोकरी' असे लिहिलेले होते. वडील उद्यमबागेतील एका ओतशाळेत भट्टीवर काम करतात, हे आम्हास दोन वर्षांत प्रथमच कळले, आणि तेही तोंडून निसटले म्हणून.

ज्या कामावर या बेळगावातील कितीतरी घरांची चूल पेटते, ते काम करणाऱ्या बापाचा मुलगा शाळेत येऊन ते लपवितो, ही गोष्ट साधी नव्हे. ही शरम त्याला घरी कोणी शिकविली नसणार. ती आम्हीच शिकविली, असे आमचे मत आहे. 'श्रमाची प्रतिष्ठा' हा निबंध आम्ही दर वर्षी मुलांकडून लिहून घेतो, वळणदार अक्षरास एखादा गुण अधिक देतो, आणि ते निबंध तपासताना डोक्यावरचा पंखा बंद पडला की शिपायास हाक मारतो. मुले निबंधही वाचतात आणि आमची हाकही ऐकतात. दोहोंपैकी कशावर त्यांचा विश्वास बसत असेल, हे निराळे सांगावयास नको.

मुख्याध्यापकांना विनंती करून आम्ही ते यंत्र काट्यावरून उतरविले. दिवाळीपर्यंतची मुदत मिळाली. तोवर ते चालू झाले नाही तर ते भट्टीत जावे, असे ठरले.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. भंगारात जाणे म्हणजे नाश होणे नव्हे. जुने बीड वितळून नव्या साच्यात ओतले जाते व त्याचा पुन्हा कोणाला तरी उपयोग होतो, हे आम्हास त्या मुलानेच पुढे समजावून सांगितले. तेव्हा 'जुने ते सारे जपावे' असा आमचा आग्रह मुळीच नाही. आमच्या घरच्या कोंकणीत 'तण' म्हणजे साधे गवत; मराठीत मात्र 'तण' म्हणजे नको असलेले, उपटून टाकावयाचे गवत. एकच शब्द, पण घाट उतरला की त्याचा अर्थ बदलतो. भंगार या शब्दाचेही तसेच आहे. वस्तू टाकाऊ आहे की नाही हे ठरविण्यापूर्वी ती उघडून पाहावी, इतकेच आमचे म्हणणे होते.

यंत्र उघडण्यापूर्वी ते मुळात कोठून आले हे पाहिले पाहिजे, असे आमच्यातील कलाशाखेच्या पदवीधराने ठरविले. कारण पाना हाती घेणे जितके लांबेल तितके त्यास हवेच होते. हे यंत्र इंग्लंडातील ग्लॉस्टरशायर परगण्यात, स्ट्राउड गावाजवळ, एडविन बडिंग नावाच्या यंत्रकाराने रचले आणि १८३० साली त्याचे पेटंट घेतले. तो सारा मुलूख लोकरी कापडाच्या गिरण्यांचा. विणून झालेल्या लोकरी कापडावर बारीक तंतूंची लव उभी राहते. ती एकसारखी छाटण्यासाठी गिरणीत पिळदार पात्यांचा फिरता रूळ असे. कापडावरची लव जर अशी छाटता येते, तर जमिनीवरची का येऊ नये, असे बडिंगच्या मनात आले. तोवर इंग्लंडातील मोठमोठ्या बागांतील हिरवळ माणसे लांब दांड्याच्या विळ्यांनी कापीत. गवत दवाने ओले असताना ते विळ्याखाली नीट सापडते, म्हणून हे काम पहाटे चाले. शेजाऱ्यांनी वेडा म्हणू नये म्हणून बडिंग आपले यंत्र रात्री चालवून पाही, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, नवे काही करणारास शेजाऱ्यांचे भय सर्व देशांत सारखेच असावे. जॉन फेराबी नावाच्या ओतशाळेच्या मालकाने भांडवल दिले. पुढे १८३२ पासून इप्सविच येथील रॅन्सम यांचा कारखानाही परवान्याने ही यंत्रे बनवू लागला. टेनिसचे मैदान आणि क्रिकेटची सपाट हिरवळ आज ज्या रूपात आपण पाहतो, तिच्यामागे हे कापडगिरणीचे पोर उभे आहे.

ही हकीकत वर्गात सांगितली तेव्हा वडगावच्या एका विणकराच्या मुलीने मान वर केली. हातमाग व यंत्रमाग यांच्या खटखटीत ती लहानाची मोठी झालेली. "म्हणजे सर, हे यंत्र आमच्यांतलंच की!" असे ती म्हणाली. भट्टीवाल्याचा मुलगा आणि मागवाल्याची मुलगी, दोघांनीही यंत्रावर आपला हक्क सांगितला. आम्ही तेवढे परके उरलो.

बडिंगविषयी आणखी दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. पेटंटच्या मजकुरात त्याने असे सुचविले होते की, खेड्यापाड्यांतील सरदार-जमीनदारांनी हे यंत्र स्वतः चालवावे, म्हणजे करमणूक, उपयोग आणि आरोग्यदायी व्यायाम असे तिन्ही लाभ होतील. आमच्या इकडच्या बंगल्यांत यंत्र आले, पण ही सूचना समुद्रातच राहिली असावी. साहेब व्हरांड्यात बसे आणि यंत्र माळी ढकली. दुसरी गोष्ट अशी की, आज प्रत्येक कारागिराच्या पेटीत असणारा, जबडा पुढेमागे सरकविता येणारा जो पाना, त्याचा एक आरंभीचा प्रकारही याच बडिंगच्या नावावर सांगतात. त्याचे महत्त्व आम्हास लवकरच कळावयाचे होते.

शनिवारी शाळा सकाळची असते. दुपारी दोन तास, असे काम सुरू झाले. मुले आठ-दहा. पहिल्याच दिवशी असे आढळले की, शेजारच्या गॅरेजातून आणलेला एकही पाना यंत्राच्या नटांना बसत नाही. कोणता सैल, कोणता घट्ट. त्या गॅरेजातील कारागिराने नट हातात फिरवून सांगितले की, हे जुने इंची आटे आहेत, मिलिमीटरचे पाने यांना चालावयाचे नाहीत. जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ साली स्क्रूच्या आट्यांचे माप ठरवून दिले. त्यापूर्वी ज्या त्या कारखान्याचे आटे निराळे असत. इंग्रजी राज्यातील यंत्रे त्या मापाची झाली. पुढे जग मेट्रिक मापाकडे वळले आणि ते जुने पाने दुर्मीळ झाले. तेव्हा बडिंगचे यंत्र उघडण्यास शेवटी बडिंगच्याच जातीचा सरकत्या जबड्याचा पाना उपयोगी पडला.

गंज काढण्याची आमची घाई मुलांनी हाणून पाडली. आम्ही काचकागद घेऊन सरसावलो होतो. परंतु जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो आणि कोरडे घासल्यास त्याची धूळ श्वासातून पोटात जाते. मुलांना तर ते अधिकच अपायकारक. विज्ञानाच्या शिक्षिकाबाईंनी हे वेळीच निदर्शनास आणले. म्हणून रंगाचा भाग पाण्याने ओला करून, नाकातोंडावर फडके बांधून, उघड्यावर आणि तोही आम्ही मोठ्यांनीच घासला. मुलांकडे फक्त उघडे लोखंड दिले. गंजलेले नट रॉकेलमध्ये भिजत घातले. लहान भाग आठवडाभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवले. आमच्या गोव्याच्या घरी माडाच्या सुरेचे आंबट व्हिनेगर स्वयंपाकात असते. त्याची एक बाटली या कामी खर्ची पडली, आणि त्यावरून घरात जे ऐकावे लागले ते येथे लिहीत नाही. आठवड्याने काळे पाणी ओतून तारेच्या ब्रशाने घासल्यावर लोखंड करड्या रंगाचे, अगदी नवे निघाले. मुलांच्या तोंडून आपोआप 'अरे!' असा उद्गार आला. परीक्षेच्या निकालाच्या दिवशीही असा उद्गार आम्ही क्वचित् ऐकला आहे.

आता आमच्या अपराधाकडे वळतो. खालच्या स्थिर पात्याचा एक बोल्ट हलेना. तो विद्यार्थी म्हणाला, "सर, आणखी चार दिवस रॉकेलमध्ये राहू द्या." आम्ही शिक्षक; आम्हास वेळापत्रक ठाऊक. आम्ही हातोडा उचलला आणि हाणला. बोल्ट जागेवरच राहिला, पण ज्या कानात तो बसविला होता तो बिडाचा कान तुटून खाली पडला. बीड दाब सोसते, आघात सोसत नाही. ते वाकत नाही, एकदम फुटते. ही गोष्ट आम्ही कधी पुस्तकात वाचली असेलही, पण हाताला ती माहीत नव्हती. सगळे स्तब्ध झाले. मुलांपैकी कोणीही हसले नाही, हे विशेष. वर्गात एखाद्या मुलाचे उत्तर चुकले असता आम्ही जे बोलतो ते त्या क्षणी आम्हास कोणी ऐकविले असते, तर ते योग्यच झाले असते.

तो तुटलेला कान रुमालात गुंडाळून आम्ही त्या मुलाबरोबर उद्यमबागेत गेलो. एका लहानशा कारखान्यातील वृद्ध कारागिराने दोन्ही तुकडे कानशीने साफ केले, भोवतीचे लोखंड सावकाश तापविले आणि पितळेच्या सळईने सांधा भरला. मग लगेच पाणी न मारता त्याने तो सांधा राखेत गाडून ठेवला. एकदम थंड केले तर बाजूला नवी चीर जाईल, असे त्याने सांगितले. मोल त्याने घेतले नाही. "शाळेचं काम आहे" एवढेच म्हणाला. तो स्वतः सातवीपर्यंत शिकलेला. तेथून परतताना आमच्या मनात सारखे येत होते की, या माणसास एक तास शाळेत आणून उभे केले तर त्यास कोणत्या पदाने बोलवावे? पाहुणा? की शिक्षक? आमच्या दफ्तरात त्याच्यासाठी रकाना नाही. तो पितळी सांधा आजही यंत्रावर पिवळा दिसतो. त्यावर रंग देऊ नये, असे मुलांनी ठरविले.

यापुढचे काम थोडक्यात सांगतो. चाकाच्या आत दातेरी कडे असते. ते पिंजऱ्याच्या आसावरील लहान चक्रास फिरविते, त्यामुळे चाकाचा एक फेरा होईतो पिंजरा कितीतरी फेरे घेतो. यंत्र मागे ओढले की पिंजरा थांबावा यासाठी आत एक लहानसा पोलादी खटका असतो. सायकल दुरुस्त करणारे लोक फ्रीव्हीलमधील अशा खटक्यास 'कुत्ता' म्हणतात. एका बाजूचा कुत्ता झिजून नाहीसा झाला होता. तो त्या भट्टीवाल्याच्या मुलाने पोलादाच्या तुकड्यातून कानशीने घडविला. चार तुकडे वाया गेले, पाचवा बसला. दांड्याची मूठ सुताराने फणसाच्या लाकडाची करून दिली. पात्यांना धार आणण्यासाठी त्यांवर घासण्याचा खरखरीत लेप लावून पिंजरा उलट दिशेने फिरवावा लागतो. त्या वेळी आम्ही सर्वांना सक्त ताकीद दिली होती की, पिंजऱ्यात लाकडी ठोकळा अडकविल्याशिवाय कोणीही बोट आत घालू नये. कारण एक पाते हलले की सगळी हलतात, आणि या पात्यांना गवत व बोट यांतील भेद समजत नाही.

सर्वांत नाजूक काम जुळणीचे. फिरती पाती आणि खालचे स्थिर पाते यांनी एकमेकांस पुरते दाबावयाचे नाही आणि पुरते सोडावयाचेही नाही. नुसता स्पर्श हवा. दोन्ही टोकांस एकेक स्क्रू असतो, तो पाव-पाव फेऱ्याने फिरवून हे साधावयाचे. कसोटी सोपी आहे. वर्तमानपत्राची पट्टी मध्ये धरून पिंजरा हळूच फिरवावा. या टोकापासून त्या टोकापर्यंत कागद कात्रीने कापल्यासारखा तुटला पाहिजे. आम्ही तीन शनिवार प्रयत्न केला. डावीकडे कापे, उजवीकडे कागद चुरगळे. उजवीकडे साधावे तो डावीकडे पिंजरा अडे. शेवटी ती विणकराची मुलगी पुढे झाली. तिने स्क्रूकडे फारसे पाहिलेच नाही. एका हाताने पिंजरा फिरवीत, कान देऊन, दुसऱ्या हाताने ती स्क्रू किंचित् किंचित् फिरवीत राहिली. दहा मिनिटांत कागद कापला गेला. "कसे जमले?" असे विचारता म्हणाली, "मागावर ताण कमीजास्त झाला की आवाज बदलतो. इथंही बदलतो." गणितात तिला नेहमी काठावर गुण पडतात. तिच्या प्रगतिपुस्तकावर 'अभ्यासात लक्ष नाही' असा शेरा होता. तो आमच्याच हातचा होता.

याच सुमारास त्या मुलाचे वडील शाळेत आले. रात्रपाळी करून आलेले, डोळे लाल. खुर्ची दिली तरी ते बसले नाहीत. "सर, आमचा जन्म भट्टीपुढं गेला," ते म्हणाले. "पोराच्या हातात पेन असावं म्हणून त्याला तुमच्याकडं धाडलं. आणि तुम्ही पुन्हा त्याच्या हातात पानाच दिलात?"

या प्रश्नास उत्तर देणे सोपे आहे असे ज्यास वाटते, त्याने भट्टीपुढे एक पाळी उभे राहून मग ते द्यावे. सुशिक्षितांनी श्रमाची थोरवी गावी आणि श्रमिकांनी ती ऐकावी, हा प्रकार आपल्याकडे पुष्कळ झाला. वर्ध्यास १९३७ साली भरलेल्या शिक्षणपरिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षण हा विचार मांडला आणि झाकीर हुसेन यांच्या समितीने त्यास आकार दिला. विचार थोर होता. परंतु पुढे पुष्कळ शाळांतून तकलीचा तास उरला आणि विचार निसटला. शिवाय 'आमच्या मुलांना तुम्ही कारागीरच ठेवणार काय?' हा प्रश्न ज्यांनी तेव्हा विचारला, तेही काही मूर्ख नव्हते. त्या गृहस्थांचा प्रश्न तोच होता. आम्ही त्यांना एवढेच सांगितले की, तुमच्या मुलाचे पेन आम्ही काढून घेतलेले नाही. पण तो तुमचे काम शाळेत लपवीत होता, ते आता लपवीत नाही. ते काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "लपवीत होता?" आम्ही हे बोललो ते बरे की वाईट, याचा निर्णय आजही होत नाही. जाताना त्यांनी ओट्यावर ठेवलेले यंत्र पाहिले, पितळी सांध्यावरून अंगठा फिरविला आणि "काम चांगलं झालंय" म्हणून ते निघून गेले.

आमचे मत त्या दिवसापासून अधिक पक्के झाले, पण थोडे बदललेही. दुरुस्तीचे शिक्षण कारागिरांच्या मुलांसाठी नव्हेच. ते मुख्यतः इतरांसाठी हवे. ज्यांच्या घरी पाना नाही, ज्यांना वस्तू बिघडली की ती टाकून नवी आणणे एवढेच ठाऊक, त्या मुलांना याची अधिक गरज आहे. आणि कारागिराच्या मुलाला त्यातून पाना मिळावयाचा नसून मान मिळावयाचा आहे. पाना त्याच्या घरी आहेच. ज्या वर्गात डॉक्टरची मुलगी भट्टीवाल्याच्या मुलास 'हा नट कोणत्या बाजूला फिरवायचा?' असे विचारते, त्या वर्गातील हवा निराळी असते. हे आम्ही पाहिले आहे.

आपल्या गावास हे नवे नाही. मुंबईत यांत्रिक रेखाकला शिकविणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर शिक्षकाचे काम सोडून याच बेळगावात आले. त्यांनी सायकलींच्या दुकानापासून आरंभ केला आणि कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर येथेच बनविले. किर्लोस्करवाडी १९१० नंतरची. तिचे मूळ येथील एका दुरुस्तीच्या दुकानात आहे. हे आम्ही इतिहासाच्या तासाला सांगतो. सांगताना मुलांच्या हातात काय असते? वही.

काही पालकांनी व एका सहकाऱ्यांनी घेतलेला आक्षेप असा की, पेट्रोलवर चालणारे खांद्यावरचे यंत्र भाड्याने आणले असते तर मैदानाचे गवत एका सकाळीत निघाले असते. त्यासाठी पाच महिने कशास? आक्षेप खरा आहे, आणि त्याची प्रचीतीही आली. दिवाळीपूर्वी आम्ही मोठ्या थाटाने यंत्र मैदानात उतरविले. मुख्याध्यापकांनी नारळ वाढविला. पहिला फेरा मारला तो पावसाळ्यात गुडघाभर वाढलेले गवत यंत्राखाली शिस्तीने आडवे झाले आणि यंत्र पुढे जाताच तितक्याच शिस्तीने पुन्हा उभे राहिले. सारी शाळा हसली. हे यंत्र आखूड गवतासाठी आहे, रानासाठी नव्हे, हे आमच्या ध्यानात यावयास हवे होते. मग विळे आणून गवत आधी खाली घेतले, आणि आठ दिवसांनी खेळपट्टीभोवतीच्या हरळीवर यंत्र पुन्हा चालविले. तेव्हा ते चालले. चुरचुर असा बारीक आवाज येतो, मागे कापलेल्या गवताचा वास राहतो, आणि ढकलणारा बोलतो ते ऐकू येते. बाकीच्या मैदानासाठी आम्ही भाड्याचे यंत्रच आणतो; त्यात काही लाज नाही.

आता एक सूचना, आणि तीत आम्ही कोणाशीही तडजोड करणार नाही. या कामास गुण देऊ नयेत. कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभव सुचविला, १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्य सुचविले, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना सांगितले आहेत. कागदावर काहीच उणे नाही. परंतु वस्तू शाळेत गुणांसाठी आली की बाजारातून तयार आणली जाते, हा आमचा पंधरा वर्षांचा अनुभव. विकतचे कागदी आकाशकंदील तपासून आम्ही 'उत्तम' असे शेरे मारलेले आहेत. यंत्रास गुण नव्हते, म्हणून ते कोणी विकत आणले नाही. कागद कापला गेला की जमले, चुरगळला की नाही जमले. यात शिक्षकाची मर्जी, वशिला वा अक्षराचे वळण काही उपयोगी पडत नाही. आठवड्यातून दोन तास, एक कुलूप असलेली पेटी, आणि गावातील एखादा कारागीर मानधन देऊन, मानाने बोलाविलेला, एवढेच आमचे मागणे आहे. शालासमितीसमोर ते लेखी ठेवले आहे. उत्तर यावयाचे आहे.

तो मुलगा आता दहावीत गेला. त्याचे वर्गशिक्षक निराळे आहेत. नव्या अर्जात त्याने वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात काय लिहिले, ते आम्ही मुद्दाम पाहिले नाही. त्या खोलीची किल्ली सध्या विणकराच्या त्या मुलीकडे असते. यंत्रास तेल पाजून, गोणपाटात गुंडाळून पावसाळ्यासाठी उंच फळीवर ठेवले आहे. पुढच्या शनिवारांसाठी तिने यादी केली आहे : शाळेची पायपेटी, जिचा भाता फाटला आहे, दोन शिलाईयंत्रे, आणि एक भिंतीवरचे घड्याळ, ज्याचे कोडे आम्हास तरी सुटणारे नाही. पालकांपैकी कोणाच्या घरी वडील-आजोबांच्या वेळचे इंची मापाचे पाने माळ्यावर पडून असतील, तर ते शनिवारी दुपारी शाळेत आणून द्यावेत. शक्य तर ज्यांना ते वापरता येतात, त्या आजोबांसह.